‘त्रिज्या’ या शब्दातील ‘त्रि’

(१)

वर्तुळाचे केंद्र आणि परिघावरील कोणताही बिंदू यांना जोडणाऱ्या रेषाखंडास ‘त्रिज्या’ म्हणतात, ही व्याख्या मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकास पाठ असते. व्यास हा त्रिज्येच्या दुप्पट असतो, हेही त्यास ठाऊक असते. परंतु या रेषाखंडात ‘तीन’ असे काय आहे, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर बहुधा उत्तर मिळत नाही. ‘त्रिकोण’ या शब्दात तीन कोन दिसतात, ‘चौकोन’ या शब्दात चार दिसतात. ‘त्रिज्या’ या शब्दात मात्र तीनही दिसत नाहीत आणि ‘ज्या’ म्हणजे काय, तेही दिसत नाही. ज्या शास्त्रात प्रत्येक संज्ञेची व्याख्या काटेकोर असावी अशी आपली अपेक्षा असते, त्या शास्त्रातील सर्वांत परिचित संज्ञांपैकी एक अशी मुकी असावी, हे विचार करण्याजोगे आहे.

या प्रश्नाची जी उत्तरे दिली जातात त्यांत दोन विशेष प्रचलित आहेत. पहिले असे की, त्रिज्येएवढ्या लांबीच्या तीन जीवा अर्धवर्तुळात बरोबर बसतात, म्हणून ती त्रि-ज्या. दुसरे असे की, प्राचीन काळी परीघ हा व्यासाच्या तिप्पट मानीत, त्या ‘तिपटी’चा अवशेष या शब्दात राहिला आहे. दोन्ही उत्तरांत भूमितीचे एकेक सत्य आहे, आणि म्हणूनच ती फसवी आहेत. भूमितीतील एखादे विधान खरे असणे निराळे आणि त्या विधानावरून शब्द घडला असणे निराळे. शब्दाची व्युत्पत्ती ही शब्दाच्या प्रयोगांवरून ठरवावयाची असते. आकृतीवरून ती सुचू शकते, सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात हा भेद समोर ठेवून ‘त्रिज्या’ या शब्दाचा मूळ अर्थ निश्चित करावयाचा आहे, आणि त्यानंतर मराठी परिभाषेच्या दृष्टीने या शब्दाचे काय करावे, याचा विचार करावयाचा आहे.

(२)

प्रथम ‘ज्या’ हे उत्तरपद घेऊ. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द फार जुना आहे. अवेस्तेच्या भाषेतही त्याचे सगोत्र रूप याच अर्थाने आढळते. वर्तुळाचा एखादा भाग आणि त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा यांची आकृती काढली की ती चढविलेल्या धनुष्यासारखी दिसते. या एका सादृश्यावरून संस्कृत गणितातील नामांचे एक संपूर्ण कुटुंब जन्मास आले. वक्र भागास ‘चाप’ किंवा ‘धनु’ म्हटले गेले; दोरीस ‘ज्या’, ‘जीवा’, ‘गुण’, ‘मौर्वी’ ही नावे मिळाली; दोरीच्या मध्यापासून वक्राच्या मध्यापर्यंतच्या उंचीस ‘शर’, ‘बाण’ किंवा ‘इषु’ म्हटले गेले; आणि धनुष्याच्या टोकास जो ‘कोटि’ शब्द होता त्यावरून ‘कोटिज्या’ आली. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला जितके पर्याय, तितके पर्याय गणितातील या रेषेला. छंदात ग्रंथरचना करणाऱ्या आचार्यांना ही पर्यायांची सोय मोठी होती.

आता येथे एक पाऊल जपून टाकावयाचे आहे. ज्योतिषाच्या गणितात संपूर्ण दोरीपेक्षा अर्ध्या दोरीचा उपयोग अधिक पडतो, कारण अर्धी दोरी ही काटकोन त्रिकोणाची एक भुजा होते. म्हणून ग्रहगणितासाठी जी कोष्टके झाली ती अर्ध्या दोरीची झाली. या अर्ध्या दोरीचे यथार्थ नाव ‘अर्धज्या’ किंवा ‘ज्यार्ध’. परंतु नित्याच्या वापरात ‘अर्ध’ हे पद गळाले आणि अर्ध्या दोरीलाच ‘ज्या’ म्हणण्याचा प्रघात पडला. तेव्हा सिद्धान्तग्रंथांत ‘ज्या’ हा शब्द आला की बहुधा अर्धी दोरी समजावयाची. ही अर्धी दोरी म्हणजेच, वर्तुळाच्या मापाने मोजलेला, आजच्या त्रिकोणमितीतील ‘साइन’ होय.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त अशा चोवीस ज्यांचे कोष्टक आहे. वर्तुळाचा चतुर्थांश म्हणजे ९० अंश; त्याचे चोवीस समान भाग केले की प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा, म्हणजे २२५ कलांचा होतो. आर्यभट प्रत्यक्ष ज्या देत नाही. एका ज्येतून पुढच्या ज्येपर्यंत किती वाढ होते ते अंतर देतो. ही अंतरे २२५, २२४, २२२, २१९ अशी क्रमाने घटत जातात आणि शेवटचे अंतर केवळ ७ उरते. ती सर्व मिळवीत गेले असता आठवी ज्या १७१९, सोळावी २९७८ आणि चोविसावी ३४३८ येते. ‘सूर्यसिद्धान्ता’च्या प्रचलित पाठातही शेवटची ज्या ३४३८ हीच आहे.

हा ३४३८ आकडा कोठून आला? संपूर्ण वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०. म्हणजे परीघ २१,६०० कलांचा. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असल्याचे सांगितले आहे. त्या प्रमाणाने २१,६०० परिघाचा अर्धव्यास काढला तर तो ३४३७.७४, म्हणजे पूर्णांकात ३४३८ येतो. परीघ ज्या मापाने मोजला त्याच मापाने अर्धव्यास मोजावा, अशी ही योजना आहे. वाढत जाणारी ज्या ९० अंशांवर अर्धव्यासाएवढी होते आणि त्यापुढे ती वाढत नाही. कोष्टकाची शेवटची ओळ आणि वर्तुळाचा अर्धव्यास हे एकच होत. ‘त्रिज्या’ या शब्दाचे जन्मस्थान हीच शेवटची ओळ आहे.

(३)

आता ‘त्रि’. ज्योतिषात वर्तुळाचे बारा समान भाग करतात. प्रत्येक भाग एक राशी, म्हणजे ३० अंश. तीन राशी म्हणजे ९० अंश, वर्तुळाचे एक पद. तीन राशींच्या चापाची जी ज्या ती ‘त्रिराशिज्या’. तिचेच संक्षिप्त रूप ‘त्रिज्या’. शब्दातील तीन ही संख्या ज्यांची नव्हे, राशींची आहे.

हे केवळ अनुमान नव्हे. त्यास तीन प्रकारचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा पर्यायशब्दांचा. ‘सूर्यसिद्धान्त’ व त्यापुढील ग्रंथ यांत याच रेषेस ‘त्रिज्या’ आणि ‘त्रिजीवा’ यांबरोबर ‘त्रिभज्या’, ‘त्रिभजीवा’, ‘त्रिभमौर्विका’ अशी नावे येतात. ‘भ’ म्हणजे नक्षत्र किंवा राशी. येथे तीन ‘भ’ म्हणजे तीन राशी, याबद्दल संशयास जागा नाही. संक्षिप्त शब्दात जे पद लुप्त झाले ते या विस्तृत शब्दांत शाबूत आहे. लुप्त पदाची साक्ष त्याच ग्रंथपरंपरेत मिळावी, यापेक्षा व्युत्पत्तीस अधिक भक्कम आधार कोणता असावा?

दुसरा पुरावा शब्दाच्या शेजाऱ्यांचा. ‘सूर्यसिद्धान्ता’त राशींच्या उदयकालाचे गणित सांगताना एका राशीची, दोन राशींची आणि तीन राशींची ज्या ओळीने घ्यावयास सांगितल्या आहेत. आर्यभटाच्या कोष्टकात या अनुक्रमे १७१९, २९७८ आणि ३४३८ होतात. भास्कराचार्यही ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ज्योत्पत्तीच्या विवेचनात, त्रिज्येचे अर्ध म्हणजे एका राशीची ज्या, असा नियम देतात; ३४३८ चे अर्ध १७१९ होते, हे वाचकास लगेच पडताळता येईल. एक, दोन, तीन या मालिकेतील तिसरी म्हणून ती त्रिज्या. मालिका विस्मृतीत गेली आणि तिसरी एकटी उरली.

तिसरा पुरावा व्याकरणाचा. ‘त्रिज्या’ हा समाहार द्विगू मानला, तर ‘तीन ज्यांचा समूह’ असा अर्थ निघावयास हवा. ‘त्रिभुवन’ म्हणजे तीन भुवनांचा समूह, ‘पंचवटी’ म्हणजे पाच वडांचा समूह, त्याप्रमाणे. परंतु त्रिज्या हा कोणत्याही प्रयोगात समूह नाही. ती एकच रेषा आहे. म्हणून हा मध्यमपदलोपी समास मानणे प्राप्त होते. मराठीत असे समास आपण नित्य वापरतो. ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण आणि पोळी नव्हे, पुरण भरून केलेली पोळी. सोलापूरची ‘शेंगाचटणी’ म्हणजे शेंगदाणे कुटून केलेली चटणी. मधले पद बोलणाऱ्याच्या मनात असते, तोंडात नसते. ‘त्रिज्या’ म्हणणाऱ्या ज्योतिषाच्या मनात राशी होती.

या पुराव्यांपुढे प्रारंभी दिलेली दोन उत्तरे टिकत नाहीत. अर्धवर्तुळात अर्धव्यासाएवढ्या तीन जीवा बसतात हे खरे. परिघाच्या सहाव्या भागाची जीवा अर्धव्यासाएवढी असते, हे आर्यभटानेच नमूद केले आहे. पण त्या ठिकाणी तो अर्धव्यासास ‘विष्कंभार्ध’ म्हणतो, त्रिज्या म्हणत नाही. शिवाय त्या विधानातील जीवा ही संपूर्ण दोरी आहे, तर त्रिज्येतील ज्या ही अर्धी दोरी आहे. याउलट ‘त्रिज्या’तील ज्या संपूर्ण दोरी मानून ९० अंशांच्या चापाची लांबी काढली तर ती ३४३८ न येता सुमारे ४८६२ येईल. म्हणजे पूर्ण दोरीचा अर्थ घेतला की शब्द आणि संख्या यांचा मेळ बसत नाही; अर्ध्या दोरीचा घेतला की तो तत्काळ बसतो. परीघ तिप्पट असल्याच्या समजुतीचा संबंध तर व्यासाशी आहे. त्या नियमात ज्येचा उल्लेखही येत नाही.

(४)

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ‘त्रिज्या’ हा मूळचा क्षेत्रमितीचा शब्द नव्हे. तो ग्रहगणिताचा शब्द आहे. क्षेत्रमितीला, म्हणजे शेत, विहीर, चाक, वेदी मोजणाऱ्या गणिताला, अर्धव्यास सांगण्यासाठी राशींकडे जाण्याची गरज नव्हती. तेथे ‘व्यास’ किंवा ‘विष्कंभ’ ही मूळ कल्पना, आणि लागलाच तर त्याचा अर्ध. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचाच एक भाग मानल्या जाणाऱ्या ‘लीलावती’तील परीघ व क्षेत्रफळ यांचे नियम व्यासावर बांधलेले आहेत, ग्रहगणिताच्या भागात मात्र त्रिज्येशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ज्योत्पत्तीच्या विवेचनात तर दोन्ही भाषा शेजारी नांदतात: वर्तुळ काढावयाचे ते इष्ट लांबीच्या ‘व्यासदला’ने, आणि ज्या काढावयाच्या त्या ‘त्रिज्ये’वरून. आखताना एक शब्द, गणित करताना दुसरा. एकाच लेखणीतून उतरलेला हा भेद अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

क्षेत्रमितीच्या या निराळ्या भाषेचा साक्षात परिचय करून घ्यावयाचा असेल तर सोलापूरच्या अभ्यासकास दूर जावे लागत नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाने येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने चालविलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेत यतिवृषभाचार्यांची ‘तिलोयपण्णत्ति’ दोन भागांत, १९४३ व १९५१ साली, प्रसिद्ध झाली, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन हे तिचे संपादक होत. याच मालेत महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ साली निघाला. महावीराचार्यांनी ग्रंथारंभी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाची स्तुती केली आहे. म्हणजे ग्रंथ नवव्या शतकातील. त्या सम्राटाची राजधानी मान्यखेट, म्हणजे सोलापूरच्या आग्नेयेस कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मलखेड.

या ग्रंथांतील वर्तुळ कसे आहे ते पाहावे. ‘तिलोयपण्णत्ती’तील जंबूद्वीप हे एक लाख योजने व्यासाचे वर्तुळ आहे. त्याचा परीघ, व्यासाच्या वर्गाला दहाने गुणून त्याचे वर्गमूळ काढण्याच्या रीतीने, ३,१६,२२७ योजनांहून थोडा अधिक येतो. त्यातील भरतक्षेत्र हे धनुष्याच्या आकाराचे, आणि त्याचा बाण जंबूद्वीपाच्या व्यासाच्या एकशेनव्वदाव्या भागाइतका, म्हणजे ५२६ पूर्णांक ६/१९ योजने. व्यासातून बाण वजा करून बाकीस चौपट बाणाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे की जीवा मिळते. या उदाहरणात ती १४,४७१ योजनांहून किंचित अधिक भरते. विक्खंभ, जीवा, धणु आणि बाण ही या गणिताची प्राकृत पात्रे. येथे जीवा म्हणजे संपूर्ण दोरी.

महावीराचार्य धनुष्याकृती क्षेत्राचे फल काढण्याचे दोन नियम देतात. स्थूल नियम असा: दोरी व बाण यांच्या बेरजेस बाणाच्या अर्ध्याने गुणावे. सूक्ष्म नियम असा: बाणाच्या चतुर्थांशास दोरीने आणि दहाच्या वर्गमुळाने गुणावे. अर्धवर्तुळावर हे दोन्ही नियम लावून पाहिले असता पहिल्यातून परीघ व व्यास यांचे प्रमाण ३, आणि दुसऱ्यातून दहाचे वर्गमूळ निघते. येथे धनुष्य सर्व अवयवांसह उपस्थित आहे. तरीही या नियमांना अर्ध्या दोरीचे कोष्टक लागत नाही, म्हणून ‘त्रिज्या’ ही संज्ञाही लागत नाही. दोरी आणि बाण पुरतात. धनुष्याची उपमा दोन्ही परंपरांची समाईक. तीन राशींची ज्या मात्र एकीचीच.

हा भेद केवळ ग्रंथांत राहिलेला नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही माध्यमांच्या शाळा चालत आल्या आहेत. मराठी मूल ‘त्रिज्या’ म्हणते, कन्नड मूलही ‘त्रिज्य’ म्हणते. तेलुगू मूल ‘व्यासार्धम्’ म्हणते, आणि उर्दू मूल ‘निस्फ-कुत्र’, म्हणजे शब्दशः अर्धा व्यास, असे म्हणते. एका नगरातील चार शाळांच्या फळ्यांवर एकच रेषाखंड असतो. दोन फळ्यांवर तो व्यासाचा अर्ध म्हणून ओळखला जातो, आणि दोन फळ्यांवर आकाशाच्या चतुर्थांशाची ज्या म्हणून. फरक एवढाच की, पहिल्या दोन शाळांतील मुलांना आपल्या शब्दाचा अर्थ दिसतो. दुसऱ्या दोन शाळांतील मुलांना तो दिसत नाही.

(५)

तो दिसत का नाही? शब्द जुना आहे हे कारण पुरेसे नाही. ‘त्रिकोण’ही जुनाच आहे. खरे कारण असे की, मराठी शालेय परिभाषेत धनुष्याचे कुटुंब विखुरले आहे. चापास आपण ‘कंस’ म्हणतो. शराला शालेय भूमितीत स्थानच उरलेले नाही. ‘जीवा’ हा शब्द टिकला, पण तो संपूर्ण दोरीच्या अर्थाने. आणि ‘ज्या’ हा अर्ध्या दोरीचा शब्द त्रिकोणमितीतून निघून गेला. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत त्या जागी ‘साइन’ आहे. संस्कृतात जे दोन पर्यायशब्द होते त्यांपैकी एक भूमितीत राहिला आणि दुसरा फक्त ‘त्रिज्या’ या समासाच्या पोटात. आई-बाप, भावंडे परागंदा झाल्यावर एकट्या राहिलेल्या मुलाने आपले आडनाव सांगावे आणि ते कोणास ओळखू येऊ नये, तशी या शब्दाची स्थिती आहे.

‘ज्या’ शब्द मराठीत स्वतंत्रपणे रुजण्यास एक अडचण होती, तीही नमूद करावी. मराठीत ‘जो’ या संबंधी सर्वनामाचे सामान्यरूप ‘ज्या’ असेच होते. ‘ज्या कोनाची ज्या त्रिज्येच्या अर्धी असते तो कोन’ असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी वाचणारा पहिल्या वाचनात अडखळतोच. संस्कृत ग्रंथकारास ही अडचण नव्हती. समासात बसलेल्या ‘ज्या’ला मराठीतही ती नाही, म्हणून ‘त्रिज्या’ सुखाने राहिली.

यातील विपर्यास असा की, ज्या ‘साइन’ने ‘ज्या’ला स्थानभ्रष्ट केले तो ‘ज्या’चाच दूरचा वंशज आहे. संस्कृत ‘जीवा’ अरबी गणितग्रंथांत ‘जीब’ या रूपाने गेला. अरबी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ स्वरचिन्हांवाचून लिहिलेले ते अक्षरांचे जोडके पुढे ‘जैब’ असे वाचले गेले. जैब म्हणजे अंगरख्याच्या छातीवरील पोकळी किंवा घडी. आपल्या कानांवर नित्य पडणारा खिशाचा ‘जेब’ हा तोच शब्द. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा शब्दशः अनुवाद ‘सायनस’ असा केला, आणि त्यातून युरोपीय भाषांचा ‘साइन’ निघाला. अर्थात मराठी विद्यार्थी नववीत त्रिकोणमितीस प्रारंभ करतो तेव्हा एकाच शब्दाची तीन रूपे त्याच्या वहीत असतात: ‘जीवा’, ‘त्रिज्या’ आणि ‘साइन’. ती एकमेकांची कोणी लागतात हे त्यास कोणी सांगत नाही.

हे सांगितल्याने काय साधेल, असे कोणी विचारील. दोन गोष्टी साधतील. ‘वर्तुळातील सर्वांत मोठी जीवा म्हणजे व्यास’ हे वाक्य प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास येते. त्याचे जुळे वाक्य असे: ‘सर्वांत मोठी ज्या म्हणजे त्रिज्या.’ पूर्ण दोरी वाढत वाढत व्यासाएवढी होते, अर्धी दोरी वाढत वाढत अर्धव्यासाएवढी होते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की ‘त्रिज्या’ हे नाव आपोआप बोलू लागते. दुसरे असे की, नव्वद अंशांच्या कोनाचा साइन १ असतो, हे विद्यार्थी कोष्टकातून पाठ करतो. तीन राशींची ज्या अर्धव्यासाएवढी असते, हेच त्या विधानाचे जुने रूप. अर्धव्यास एक मानला की ३४३८ च्या जागी १ येतो. म्हणजे ‘त्रिज्या’ हा एक शब्द नसून सूत्रच आहे, आणि आपण ते दररोज उच्चारून दररोज विसरतो.

(६)

आता परिभाषेचा प्रश्न. अर्थ न दिसणारी संज्ञा टाकून अर्थवाही संज्ञा घ्यावी, असा एक पक्ष परिभाषेच्या चर्चेत नेहमी असतो. त्या न्यायाने ‘त्रिज्या’ काढून ‘व्यासार्ध’ घ्यावा, असे म्हणता येईल. हा पक्ष दुबळा नाही. ‘व्यासार्ध’ हा शब्द स्वच्छ आहे, संस्कृत ग्रंथांत त्याला भरपूर आधार आहे, आणि शेजारच्या तेलुगूने व दूरच्या बंगालीने तो स्वीकारलेला आहे. क्षेत्रमितीच्या दृष्टीने तर तोच मूळचा, आणि ‘त्रिज्या’ ही ग्रहगणितातून आलेली पाहुणी, हे वर दाखविलेच आहे.

तरीही प्रस्तुत लेखकास हा बदल मान्य नाही. एक तर ‘व्यासार्ध’ म्हणताना व्यास ही मूळ कल्पना होते आणि अर्धव्यास ही साधित. आधुनिक भूमितीत वर्तुळाची व्याख्या केंद्रापासून समान अंतरावरील बिंदूंचा संच अशी करतात. म्हणजे ते अंतरच मूळ आणि व्यास साधित. मूळ कल्पनेस स्वतंत्र नाव असणे हे परिभाषेच्या दृष्टीने इष्ट आहे, आणि ‘त्रिज्या’ हे व्यासावर अवलंबून नसलेले नाव आहे. दुसरे म्हणजे, रूढीने संज्ञेस दिलेला अर्थ हा व्युत्पत्तीच्या अर्थाहून अधिक बलवान असतो. सिद्धान्तग्रंथांत ‘त्रिज्या’ ही कोष्टकाची शेवटची, ठराविक संख्या होती. आर्यभटाच्या परंपरेत ३४३८, वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिके’त १२०, ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ३२७० आणि त्याच्याच ‘खंडखाद्यका’त १५०. आज ती कोणत्याही वर्तुळाचे केंद्र आणि परीघ यांमधील अंतर आहे. संख्येकडून रेषेकडे, आणि ग्रहगणिताकडून सामान्य भूमितीकडे, असा अर्थविस्तार झालेला आहे. तो परतविण्याचे कारण नाही. ज्याने राशी कधी पाहिल्या नाहीत तोही त्रिज्या अचूक मोजतो.

व्युत्पत्तीचा उपयोग शब्द बदलण्यासाठी नसून समजण्यासाठी आहे. दोष ‘त्रिज्या’ या शब्दात नाही. त्याचे गणगोत अभ्यासक्रमातून गेले, यात आहे. त्रिकोणमितीच्या पहिल्या पाठात ‘साइन’च्या शेजारी ‘ज्या’ची ओळख एका परिच्छेदात करून दिली, तर कोणतीही संज्ञा न बदलता हा दोष दूर होईल.

याच्या उलट दिशेचा एक मोह आहे, त्याविषयीही सावध राहावे. ‘साइन’ हा आपल्या ‘जीवे’चा वंशज आहे हे कळताच सर्व भूमिती आपणच जगास दिली, असे म्हणण्याकडे मन झुकते. त्या क्षणी त्रिज्येच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. त्रिज्या ज्या बिंदूपासून निघते त्यास आपण ‘केंद्र’ म्हणतो, आणि ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’वरून ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. मराठी व्याख्येच्या एकाच वाक्यात एक शब्द येथून गेलेल्या विद्येची खूण आहे आणि दुसरा तेथून आलेल्या विद्येची. शास्त्राच्या बाजारपेठेत देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. हिशेब लिहिताना दोन्ही बाजू लिहाव्यात.

महाराष्ट्रात या शब्दाचे अध्यापन किती जुने आहे, याचे एक स्मारक चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धान्तशिरोमणि’प्रमुख ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे सांगणारा, इ. स. १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा मुख्य भाग संस्कृत आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. त्या मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगावयास तेव्हा मराठी पुरेशी समर्थ होती. मठात शिकविले जाणारे गणित मात्र संस्कृतातच राहिले. त्या गणितातील ‘त्रिज्या’ हा शब्द पुढे मराठीत आला, पण त्याचा अर्थ मागेच राहिला. शब्दाबरोबर त्याचा अर्थही भाषेत आणणे, हे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते विद्यापीठांच्या मराठी व गणित या दोन्ही विभागांनी मिळून करावयाचे आहे. ‘तिलोयपण्णत्ती’ व ‘गणितसारसंग्रह’ यांची मुद्रित पुस्तके ज्या नगरातून निघाली तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ‘विष्कंभ’, ‘जीवा’, ‘बाण’, ‘कर्ण’, ‘भुजा’ या संज्ञांचा असाच प्रयोगनिष्ठ मागोवा घेतला, तर मराठी गणितपरिभाषेच्या इतिहासाचे एक प्रकरण तरी नीट लिहिले जाईल.